टॅपेट कव्हर पावडर कोटिंगला देऊ नका, हातानंच रंगवा

टिळकवाडीकर

मंडळी, स्पष्टच सांगतो. जुन्या गाडीचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, ब्लास्टिंग करून (खरखरीत कणांच्या माऱ्यानं घासून) पावडर कोटिंगला (भट्टीत वितळवून चढवायचा पावडरचा रंग) द्यायची जी टूम आपल्या बेळगावात निघालीय, ती मला पटत नाही. ऐकीव सांगत नाही, माझ्याच गाडीवर बेतलंय.

गाडी २००१ ची होंडा सिटी, दीड लिटरची. कव्हर वीस वर्षांच्या तेलानं काळवंडलेलं, कडेनं रंगाचे पोपडे निघालेले. एका ठिकाणी दिलं. तिथं खिडक्यांचे ग्रिल, कपाटं, गेट असली कामं चालतात. चार दिवसांनी लालभडक होऊन आलं, हात फिरवला तर काचेसारखं. आतून रॉकेलनं धुतलं, हवा मारली, बसवलं. साधारण ८०० किलोमीटरवर मनात शंका आली म्हणून ऑइल काढलं आणि फिल्टर कापून बघितला. कागदाच्या प्रत्येक घडीत बारीक कण चमकत होते. हेडवरचं (इंजिनाच्या वरच्या भागावरचं) सगळं उघडलं तर कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, जर्नलवर (तो टेकून फिरतो त्या भागावर) नख अडकेल अशा रेघा.

कव्हरच्या आतल्या बाजूला ब्रीदरसाठी (इंजिनातली वाफ बाहेर जायच्या वाटेसाठी) पत्र्याची बॅफल प्लेट असते. वाफेबरोबर वर आलेलं तेल तिथं अडतं आणि परत खाली गळतं. ब्लास्टिंगची ग्रिट, म्हणजे ते खरखरीत कण, नेमकी त्या पत्र्यामागं शिरते. तिथला जुना चिकट गाळ तिला धरून ठेवतो, वरवर धुऊन ती हलत नाही. पुढं इंजिन तापलं, गरम तेल उडायला लागलं की गाळ सुटतो आणि कण थेट कॅमवर पडतात.

त्यापेक्षा कव्हर डिझेलनं धुवा, मग साबणाच्या पाण्यानं, ३२० चा पॉलिश पेपर मारा, वॉश प्रायमर (धातूला धरणारा पातळ पहिला हात) द्या आणि वर टू-के रंग (हार्डनर मिसळून लावायचा). एक रविवार जातो. इंजिनात ग्रिट जायचा प्रश्नच येत नाही.

ओतकामवाला, उद्यमबाग

दादा, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. पण दोष पावडरला देऊ नका. ज्यानं बॅफल न काढता ब्लास्टिंग केलं त्याचं ते काम. ग्रिलवाल्याला बॅफल काय ठाऊक? त्याच्यापुढं लोखंडी पट्टी येते, तो मारतो आणि टांगतो.

आमचा जन्म ओतकामात गेला. ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमला बारीक छिद्रं असतातच, आणि वीस वर्षं तेलात राहिलेला तुकडा ते तेल पिऊन बसलेला असतो. पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंशाला पक्की होते. त्या उष्णतेत छिद्रातलं तेल आणि हवा वर येते, आणि तव्यावरच्या पापडासारखे फोड उठतात. म्हणून आधी कोरा तुकडा त्याहून थोड्या जास्त तापमानाला तासभर भट्टीत ठेवायचा, सुटणारं सगळं सुटू द्यायचं, पुन्हा पुसायचा आणि मग पावडर. ही एक पायरी ग्रिलवाले करत नाहीत. लोखंडाच्या पट्टीला ती लागतच नाही.

नीट झालेली पावडर ६० ते ८० मायक्रॉनची एकसंध कातडी असते. तुमचा टू-के रंग ऑइल भरायच्या तोंडापाशी पहिल्यांदा सुटतो, कारण दर वेळी तिथंच सांडतं. ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर रंग सुरकुततो. इपॉक्सी पावडर तेल-पेट्रोलला चांगलं तोंड देते. उन्हात ती पिवळी पडते, पांढरट होते, पण बॉनेटखाली ऊन कुठलं? म्हणून बाहेरच्या कामाला पॉलिएस्टर आणि इंजिनाला इपॉक्सी. देताना एवढं विचारून घेतलं तरी निम्मं काम झालं.

खानापूरकर

मी ओतकामवाल्या दादांच्या बाजूनं. माझी गाडी आठवड्याला चोर्ला घाटानं गोव्याला जाते. खानापूर-जांबोटीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे; जून ते सप्टेंबर बॉनेटखालचं काही सुकतच नाही, आणि त्यावर गोव्याची खारी हवा. इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांवर) पांढरी भुकटी धरायची. बोट लावलं की राखेसारखी हाताला यायची आणि खाली बारीक खड्डे दिसायचे.

मी दोन वेळा हातानं रंगवला. दोन्ही वेळा पावसाळ्यानंतर बोल्टच्या भोवती रंग उचलला गेला. पाणी कडेनं आत शिरतं आणि रंगाखाली पसरत जातं. मग पावडर करून घेतली, त्यावर तीन पावसाळे गेले. एके ठिकाणी पाना निसटून टवका गेलाय, तेवढाच.

टिळकवाडीकर

ताई, रंग सुटला कारण खालची पांढरी भुकटी पूर्ण गेली नसणार. अ‍ॅल्युमिनियमवर वॉश प्रायमर नसेल तर रंग नीट धरत नाही, आणि घासल्यावर त्याच दिवशी प्रायमर बसला पाहिजे. रात्रभर उघडा ठेवला की आपल्या दमट हवेत सकाळी काम पुन्हा पहिल्यापासून.

आणि टवक्याचंच बोलू. माझ्या रंगाला टवका गेला तर ब्रशनं बुजवतो. पावडरला टवका गेला तर? पुन्हा सगळं उतरवायचं, पुन्हा ब्लास्टिंग, पुन्हा भट्टी. म्हणजे ग्रिटचा धोका पुन्हा दारात.

शहापूरचा

मध्येच विचारतो. आमच्या गल्लीत एकजण सांगतो, इनटेक काळा रंगवला की आतली हवा तापते आणि पिकअप जातो. खरं काय?

ओतकामवाला, उद्यमबाग

नाही ओ. पावडरचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, आणि खाली तीन-चार मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम. हवा पाइपातून क्षणार्धात पुढं जाते, तेवढ्यात थरानं काय फरक पडणार? मॅनिफोल्ड तापतो तो हेडला चिकटून असल्यामुळं आणि बॉनेटखालच्या गरम हवेमुळं. उलट घासून चमकवलेलं अ‍ॅल्युमिनियम उष्णता बाहेर टाकायला कंजूष असतं. रंगवलेलं जास्त टाकतं, मग लाल असो की काळं. रंग आवडीनं निवडा.

निपाणी गॅरेज

दोघांचंही ऐकलं. माझं मत तिसरंच. गाडी रोजची असेल तर कव्हर काढून आतून-बाहेरून स्वच्छ धुवा, नवं पॅकिंग टाका आणि आहे तसं बसवा. पस्तीस वर्षं हात काळे केले, रंग नव्हता म्हणून बंद पडलेलं इंजिन एकही बघितलं नाही. रंग लावल्यावर बिघडलेली मात्र बघितली.

एका गिऱ्हाइकाचा इनटेक पावडर होऊन आला, हेडला बसायच्या तोंडावरही पावडर चढलेली. तसाच आवळला. महिन्याभरात थर दबला, बोल्ट सैल, पॅकिंगकडून हवा ओढायला लागला. आयडल (पाय न दाबता इंजिन फिरतं तो वेग) वर-खाली, सिग्नलला बंद. बिचाऱ्यानं आधी इंजेक्टर साफ करून घेतले, मग सेन्सर बदलला. माझ्याकडं आल्यावर मॅनिफोल्डच्या सांध्याभोवती साबणाच्या पाण्याची फवारणी केली, आयडल लगेच बदललं. तोंडावरची पावडर खरवडली, गाडी सरळ.

दुसरं, काही गाड्यांत अर्थची वायर टॅपेट कव्हरवर आवळलेली असते. पावडर वीज नेत नाही. त्या बोल्टखाली एवढंसं उघडं अ‍ॅल्युमिनियम ठेवलं नाही तर काय-काय बंद पडेल त्याचा पत्ता नाही. आणि कुणी कव्हर कॉस्टिकच्या पाण्यात बुडवू नका. लोखंडाला चालतं, अ‍ॅल्युमिनियम त्यात विरघळतं आणि पेट घेणारा वायू सुटतो. नव्या गाड्यांचे इनटेक बहुतेक प्लास्टिकचे असतात, त्यांना भट्टी दाखवायचीच नाही.

खानापूरकर

काका, तुमचं धुऊन बसवायचं निपाणीत चालेल. आमच्याकडं उघडं अ‍ॅल्युमिनियम पावसात खाल्लं जातं, मी डोळ्यांनी बघितलंय. तोंडं झाकून घेतली तर? मी दिला तेव्हा सगळी तोंडं भट्टीला टिकणाऱ्या टेपनं बंद केली होती आणि भोकांत सिलिकॉनचे बूच होते.

निपाणी गॅरेज

तेवढं केलं असेल तर इनटेकपुरतं मान्य, ताई. तो आतून मोकळा पाइप आहे, बॅटरी लावून तळापर्यंत बघता येतो. कव्हरला मान्य नाही.

टिळकवाडीकर

मलाही इनटेकचं पटतंय. काकांनी सांगितलेला फरक माझ्या डोक्यात आला नव्हता, मी दोन्ही एकाच मापानं मोजत होतो. कव्हरबाबत मात्र मी हटणार नाही. काही गाड्यांत बॅफल रिव्हेटनं कायम बसवलेली असते, ती कोण काढणार?

ओतकामवाला, उद्यमबाग

मी काढतो. रिव्हेटची डोकी ड्रिलनं उडवायची, पत्रा वेगळा करायचा, मागचा गाळ हातानं खरवडायचा. भोकांना आटे पाडून परत बसवताना स्क्रू आणि लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा डिंक), नाहीतर स्क्रूच सुटून कॅमवर जाईल. पत्रा बसवायच्या आधी कव्हर गरम पाण्यात धुवायचं, पांढऱ्या सुती कापडावर उपडं धरायचं आणि लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकायचं. कापडावर एक जरी कण दिसला तरी पुन्हा पाण्यात. कधी दोनदा धुऊन भागतं, कधी सातदा. तुमचं कव्हर अजून असेल तर आणा दादा, तुमच्यासमोर ठोकतो.

टिळकवाडीकर

कव्हर माळ्यावर आहे. रविवारी आणतो. कापड मी माझं आणीन.