खोबऱ्याच्या वाट्या आणि पॉवर बँक: चेक-इन बॅगेतून का काढतात?

प्रश्न

नमस्कार. गेल्या महिन्यात आई माझ्याकडे दिल्लीला येत असताना विमानतळावर तिचे नाव पुकारून तिला आत बोलावले आणि तिच्यासमोर चेक-इन बॅग उघडायला लावली. धाकट्या भावाने कपड्यांच्या घडीत ठेवलेली पॉवर बँक तिच्या हाती देण्यात आली. मसाल्यासाठी जुन्या पंच्यात बांधून घेतलेल्या सुक्या खोबऱ्याच्या अकरा वाट्या मात्र ठेवून घेण्यात आल्या. कारण विचारल्यावर "नियम आहे" एवढेच उत्तर मिळाले. आपल्या हातून काही गुन्हा घडला की काय, ही सल सत्तरीच्या आईच्या मनातून अजून गेलेली नाही. नियम पाळायला आमची ना नाही. परंतु पॉवर बँक धोक्याची असेल, तर ती प्रवाशांच्या शेजारी कशी चालते, आणि खोबऱ्यात असा कोणता धोका आहे?

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षे विमानाच्या मालवाहतुकीत काम केले आहे. आईंना आधी सांगा की त्यांच्यावर कोणी संशय घेतला नव्हता. तपासणी घातपाताइतकीच आगीसाठीही असते. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते, त्या तेलाचा हवेशी संयोग होऊन हळूहळू उष्णता निर्माण होते आणि माल दाबून भरलेला असेल तर ती आतच साठत जाते; म्हणूनच आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात खोबरे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत येते.

पॉवर बँकेचे उत्तर वेगळे आहे. ती कुठेही पेटू शकते, प्रश्न एवढाच की पेटल्यावर तिच्यापर्यंत कोण पोहोचणार. विमानाच्या पोटातील कप्प्यात हॅलॉन वायू सोडून ज्वाळा दाबता येतात, परंतु लिथियम बॅटरीची उष्णता तिच्या आतल्या रासायनिक क्रियेतून येत असल्याने ती धुमसतच राहते. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात.

प्रतिसाद २

यात हवाई वाहतूक नियंत्रणाचा भागही आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू बोइंग ७४७ मध्ये आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात होत्या. विमान तेव्हा बहारीनच्या नियंत्रकांच्या अखत्यारीत होते. दोहा अधिक जवळ असूनही वैमानिक दुबईकडे वळले आणि थोड्याच वेळात कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की त्यांना समोरची उपकरणेच दिसेनाशी झाली. रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलता येत नव्हती, त्यामुळे दुबई जवळ आली तरी तिथल्या नियंत्रकांशी थेट बोलणे अशक्य झाले. आसपासची इतर विमाने निरोप पोहोचवत होती. उंची किती, वेग किती, धावपट्टी कुठल्या दिशेला, हे सारे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात त्या वैमानिकाच्या कानी पडत होते. कप्तानाच्या मास्कमधील प्राणवायू बंद पडल्याने शेवटी सहवैमानिक एकटाच विमान चालवत होता. दोघेही वाचले नाहीत. जमिनीवरचा नियंत्रक कितीही कुशल असला, तरी पेटलेल्या विमानाला तो फक्त रस्ता मोकळा करून देऊ शकतो. पुढे एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या, म्हणजे उपकरणाबाहेरच्या, लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय पातळीवर बंदी आली.

प्रतिसाद ३

पॉवर बँकेवर 'डब्ल्यूएच' (वॅट-अवर, म्हणजे तिच्यात साठणाऱ्या ऊर्जेचे माप) असा आकडा असतो. साधारणपणे १०० पर्यंत चालते. तो नसेल, तर एमएएचच्या (मिलीअँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या) आकड्याला ३.७ ने गुणून १००० ने भागावे. २०,००० ची पॉवर बँक ७४ भरते. ती वरच्या कप्प्यात ठेवण्यापेक्षा हाताशी ठेवावी. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानाच्या वरच्या कप्प्यातच आग लागली. सुदैवाने सर्वजण बाहेर पडू शकले.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आईला फोनवर हे सगळे वाचून दाखवले. "मग तिथे खोबऱ्याचे एक चित्र लावायला काय हरकत आहे?" असे तिने विचारले, आणि मलाही ते पटते. बॅग सोपवण्याच्या खिडकीपाशी मराठीत दोन ओळी आणि वाटीचे चित्र असते, तर तिने खोबरे तिथूनच भावाच्या हाती परत दिले असते.