भूकंपाने दरड येते, की फक्त पावसाने?

मोरणाकाठ:
गाव पाटण तालुक्यात, घरामागे डोंगर. कोयनेच्या धक्क्यांची सवय आहे, भांडी वाजली तरी कुणी उठत नाही. पण जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळेला दरडी आल्या तेव्हापासून आई प्रत्येक धक्क्याला अंगणात जाऊन डोंगराकडे बघत बसते. नुसत्या भूकंपाने दरड येते का?

जुना ओव्हरसियर:
येते. 18 सप्टेंबर 2011 ला मी उत्तर सिक्कीममध्ये रस्त्याच्या कामावर होतो. रविवारची संध्याकाळ, 6.9 चा भूकंप, त्यात पाऊस. चुंगथांगचा रस्ता जागोजागी बंद. डोझरने ढिगारा ढकलायचा, की आफ्टरशॉकला वरून नवा माल हजर!

उतारावरची माती आपल्याच वजनाने दाबून बसलेली असते, म्हणून टिकते. हादऱ्यात तो दाब क्षणभर हलका होतो आणि त्याच वेळी बाहेरच्या अंगाला ढकलणं चालू असतं. सोंडेच्या माथ्यावर तर हादरा जास्तच. माती भिजलेली असली तर आतल्या पाण्याचा दाब वाढून कणांची पकड सुटते. सिक्कीमचा तो डोंगर पावसाळाभर भिजलेला, शिवाय रस्त्यासाठी पायथा तासलेला. मग काय राहतंय?

आईंना सांगा, 4 च्या खालच्या धक्क्याने दरड सहसा येत नाही.

डोंगरभटक्या:
काका, नेपाळचा 2015 चा भूकंप तर एप्रिलमधला. तरी लांगटांग गाडलं गेलंच ना?

जुना ओव्हरसियर:
तो 7.8 चा. वरचं बर्फ आणि खडक सुटून गावावर आले, त्याला पाऊस कशाला लागतो? चीनमध्ये वेंचुआनला भूकंप मे 2008 चा, पण तेव्हा सैल झालेला माल ऑगस्ट 2010 च्या पावसातही चिखलाचे लोंढे होऊन खाली येत होता. म्हणून मोठा धक्का बसलाच, तर मृगाच्या आत वर जाऊन भेगा बघा. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंटी ठोका, टेपने अंतर मोजून तारखेसह लिहा. अंतर वाढलं तर तलाठ्याला कळवा. झरा अचानक गढूळ झाला तर कुणाची वाट न बघता घर सोडा.

मोरणाकाठ:
गुरं चारतो तिथं एक भेग आहे, 2021 पासूनची. हाताची चार बोटं सहज जातात. रविवारी खुंट्या नेतो.

जुना ओव्हरसियर:
मोजून झालं की भेग चिकणमातीने ठोकून बुजवा. पावसाचं पाणी आत मुरता कामा नये. आणि फोटो तहसीलला आजच द्या, रविवारची वाट बघू नका.