ब्योमकेश बक्षी : नुसतं दिसणारे धागेदोरे बाबांना कसे सांगू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी मदत हवी आहे. त्यांना काचबिंदू आहे आणि गेल्या दिवाळीपासून उजेड-अंधार एवढंच कळतं. रहस्यकथांचा नाद आयुष्यभराचा. कारखान्यात जाताना डब्याच्या पिशवीत लायब्ररीचं पुस्तक असायचंच. आता वाचन बंद, आणि दिवसभर बातम्या तरी किती ऐकणार? म्हणून महिन्याभरापूर्वी मी दूरदर्शनची 'ब्योमकेश बक्षी' लावायला सुरुवात केली. बासू चटर्जींची; रजित कपूर म्हणजे रहस्यं उलगडणारा ब्योमकेश आणि के. के. रैना त्याचा मित्र अजित. १९९३ साली ती लागायची तेव्हा आम्ही पोरं टीव्हीला चिकटलेलो आणि बाबा दुसऱ्या पाळीला. त्यामुळे त्यांना एकही रहस्य माहीत नाही.

कानाने बघायला ही मालिका फार चांगली आहे. माणसं एकेक करून, पूर्ण वाक्यांत बोलतात. ढणढणाट नाही. कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवरच्या त्या घरात दोघं मित्र चहा पीत बसतात, नोकर पुंटीराम दार उघडतो, कोणीतरी आपलं गाऱ्हाणं सांगायला येतं. बाबांना पायरवावरूनसुद्धा कळायला लागलंय कोण आलं ते. ब्योमकेशची बायको सत्यवती पहिल्यांदा बोलली तेव्हा ते ताडकन उठून बसले, "अगं, ही तर आभाळमायातली सुधा!" सुकन्या कुलकर्णींचा आवाज त्यांनी बरोब्बर ओळखला. आणि या कथा लिहिणारे शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहायचे, हे मी सांगितलं तर दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच ऐकवत होते.

(पुढे थोडा रहस्यभेद आहे. ज्यांना बघायची आहे त्यांनी हा एक परिच्छेद सोडावा.)

'रास्ते का काँटा' मध्ये रस्ता ओलांडणारी माणसं मरून पडतात आणि छातीत ग्रामोफोनची पिन सापडते. एकजण खिशातल्या घड्याळामुळे वाचतो. ब्योमकेश त्याला खोदून खोदून विचारतो, काही आवाज ऐकलात का? तिथे बाबांनी हात वर केला. "थांबव जरा. सायकलची घंटी." मी अर्थातच हो-नाही काही म्हटलं नाही. शेवटी पिन मारायचं यंत्र घंटीतच होतं असा उलगडा झाल्यावर भाच्याच्या सायकलची घंटी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाटी फिरवून काढली, आतली स्प्रिंग अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "एवढ्याशा जागेत बसवलं होय त्याने!" काचबिंदूचं निदान झाल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

अडचण सुरू झाली 'मकड़ी का रस' पासून. नंददुलालबाबू खोलीत लिहीत बसलेले असतात. घरचे कडक पहारा ठेवून आहेत, तरी त्यांना कोळ्याच्या विषाची नशा मिळतेच आहे. ती कशी मिळते याचा धागा ते लिहिता लिहिता मध्येच जे करतात त्यात आहे. ते दिसतं, पण त्यावर कोणी काही बोलत नाही. मी गडबडले आणि गप्प बसले. शेवटी ब्योमकेशने सांगितल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "हे मला कळायला हवं होतं. तू सांगितलं नाहीस." रागावले नव्हते, पण मला फार लागलं. कोडं सोडवणाऱ्याच्या हातातून एक तुकडाच मी काढून घेतला होता.

उलट, मी तेवढं एकच सांगितलं असतं तर? इतर वेळी गप्प असलेली मुलगी अचानक म्हणते, "बाबा, आता ते असं असं करतायत," म्हणजे तिथेच उत्तर फुटलं.

परवा मला एक सुचलं. या गोष्टीत ब्योमकेश स्वतः तिथे जातच नाही. अजित जाऊन बघून येतो, सगळं सांगतो आणि ब्योमकेश ते ऐकून घरबसल्या उलगडा करतो. म्हणजे अजितचं काम मला करायचं आहे. तो कामाचं-बिनकामाचं सगळं सारख्याच आवाजात सांगतो. खोली कशी, पलंग कुठे, म्हातारा काय नेसलाय, हात कुठे आहेत. मी असं पहिल्यापासून सांगत गेले तर खरा धागा त्यात लपेल असं वाटतं. पण संवादांवर बोलून चालत नाही आणि मधल्या जागा लहान असतात. दर वेळी थांबवलं की बाबांची तंद्री मोडते.

तुमच्यापैकी कोणी घरात असं करत असेल तर कृपया सांगा. भाग सुरू व्हायच्या आधीच जागा आणि माणसांचं वर्णन करून ठेवता का? मध्ये किती बोलता?

दुसरं म्हणजे, ज्यांना मालिका नीट आठवते त्यांनी सांगावं की कोणत्या भागांत उलगड्याचा धागा फक्त दिसतो आणि कोणत्या भागांत तो बोलण्यात येतो. तशी यादी मिळाली तर बोलण्यातले भाग आधी लावीन. मूळ बंगाली कथा वाचलेलं कोणी असेल तर त्यांचीही मदत हवी आहे. बहुतेक कथा अजितच सांगतो, त्यामुळे पडद्यावर नुसती दिसणारी गोष्ट त्याने कागदावर कोणत्या शब्दांत सांगितली आहे हे कळलं तर मी तेच शब्द वापरीन.

'सीमंत हीरा' मी मुद्दाम मागे ठेवला आहे. तिथे हिरा एका घरात आहे हे ठाऊक असतं, त्या घराचा मालक स्वतःच शोधा म्हणून आव्हान देतो आणि सगळी मदार घरातल्या वस्तूंवर. त्यात नटराजाची छोटी मूर्ती आहे. आमच्या देवघराशेजारी वीतभर पितळी नटराज आहे. तो बाबांच्या हातात द्यावा असं फार वाटतं, पण एकटा दिला तर संशय तिकडेच जाईल. म्हणून पेपरवेट, दौत, अडकित्ता, छोटी फुलदाणी असं सगळं एका ताटात मांडून द्यायचा विचार आहे. आणखी काय ठेवू? भाग रविवारी दुपारी लावायचा आहे, त्याआधी सुचवलंत तर बरं होईल.