चर्चा: गुडघ्याच्या झिजेवर पीआरपी इंजेक्शन पैसे घेऊन द्यावं का?

अस्थिशल्य_डेक्कन:
पेशंटच्याच रक्तातल्या प्लेटलेट गोळा करून सांध्यात टोचायच्या, म्हणजे पीआरपी. पुण्यात हे आता पेठांतल्या दवाखान्यांतही मिळतं आणि वाकड-हिंजवडीकडेही. माझं मत स्पष्ट आहे: झिजेच्या गुडघ्यासाठी संशोधन-चाचणीच्या बाहेर, पेशंटच्या खिशातून पैसे घेऊन हे देणं थांबवावं.

आधार सांगतो. २०२१ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातली 'रिस्टोअर' चाचणी आली. पन्नाशीपुढची २८८ माणसं, एक्स-रेवर ग्रेड २ किंवा ३ची (सौम्य ते मध्यम) झीज, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइन. कोणाला काय मिळालं हे पेशंटलाही ठाऊक नव्हतं आणि टोचणाऱ्यालाही. वर्षभराने ० ते १० च्या मोजपट्टीवर पीआरपी गटाचं दुखणं २.१ ने कमी झालं, सलाइन गटाचं १.८ ने. एमआरआयवर आतल्या बाजूची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, पीआरपी गटात १.४ टक्के घटली, सलाइन गटात १.२ टक्के. 'कूर्चा पुन्हा तयार होते' असं पेशंटला सांगायला मग आधार काय उरतो? त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये घोट्याच्या झिजेच्या १०० जणांवर चाचणी झाली, तिथेही २६ आठवड्यांनी फरक दिसला नाही. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१९ मध्येच गुडघ्यासाठी पीआरपी देऊ नका अशी ठाम शिफारस केली होती.

रक्तघटक_पुणे:
आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष घाईचा आहे. 'रिस्टोअर'मध्ये दर इंजेक्शनला साधारण १.६ अब्ज प्लेटलेट गेल्या. २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ८ मिलि पीआरपीत १० अब्ज दिल्या आणि सांध्यात वंगणासारखं टोचतात त्या हायल्युरोनिक अ‍ॅसिडपेक्षा जास्त काळ टिकणारा आराम दिसला. सहापट डोसाचा फरक असताना एकाच नावाखाली दोन्ही मोजायचे, हे कुठल्याही गोळीच्या बाबतीत आपण चालवून घेतलं नसतं.

हिशेब सोपा आहे. रक्तात मायक्रोलीटरला २ लाख प्लेटलेट असतील तर ३० मिलि रक्तात ६ अब्ज होतात. वेगळ्या करताना ७० टक्के हाती लागल्या तर ४.२ अब्ज. १० अब्ज हव्या असतील तर सुमारे ७० मिलि रक्त काढावं लागतं. जिथे १० मिलिची एकच नळी भरतात, तिथे सगळ्याच्या सगळ्या मिळाल्या तरी २ अब्जच होणार.

पुढची गफलत सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात होते. '१५०० आरपीएमवर फिरवलं' याला अर्थ नाही, कारण जोर रोटरच्या त्रिज्येवर ठरतो. १० सेंटिमीटरच्या रोटरला मिनिटाला १५०० फेऱ्यांत सुमारे २५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट जोर) मिळतो, १६ सेंटिमीटरच्या रोटरला सुमारे ४०० जी. जोर जास्त झाला तर पहिल्यांदा फिरवतानाच प्लेटलेट लाल पेशींबरोबर खाली बसतात आणि वरचा छान पिवळा द्रव जवळजवळ रिकामा निघतो. दुसऱ्यांदा फिरवल्यावर तळाशी बसलेला थर हलक्या हाताने मिसळायचा असतो, जोरात हलवला की गुठळ्या होतात. रक्त गोठू नये म्हणून नळी सायट्रेटची किंवा एसीडी-एची हवी. जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत प्लेटलेट फुगतात.

थोडक्यात, सिरिंजमधल्या थेंबभर पीआरपीचा काउंट (प्लेटलेटची मोजणी) न काढता दिलेलं इंजेक्शन आणि चाचणीतलं इंजेक्शन यांची तुलनाच होत नाही. पीआरपी बंद करण्यापेक्षा काउंट सक्तीचा करा.

आकडेमोड:
रक्तघटक, डोसाचा मुद्दा मान्य, पण त्या अभ्यासात समोर सलाइन नव्हतं, हायल्युरोनिक अ‍ॅसिड होतं. त्याचाच उपयोग वादात असताना त्याच्यापेक्षा सरस ठरणं हा पुरावा अर्धाच.

सलाइनशी तुलना असलेली भारतीय चाचणी चंदीगडची, २०१३ ची: ७८ माणसं, १५६ गुडघे. पीआरपी सरस ठरलं, एक डोस आणि दोन डोस यांत फरक पडला नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत परिणाम ओसरायला लागला होता. पण तिथे सलाइन गटाचं दुखणं कमी न होता थोडं वाढलं. बहुतेक चाचण्यांत सलाइननेही चांगला आराम पडतो, कारण माणूस इंजेक्शनला येतो तेच दुखणं कळसाला असताना, आणि काही न करताही ते थोडं खाली येतं. त्यामुळे या एका निकालावर मी फार भार टाकणार नाही. 'माझ्या दहापैकी आठ पेशंटना बरं वाटलं' यावर तर अजिबात नाही. सलाइनवाल्यांनाही बरं वाटतंच.

सांधेविचार:
धागाकर्त्याला एक विचारायचंय. पीआरपी बंद केलं तर पेशंट कुठे जाईल? ग्रेड २ ची झीज असलेल्या पन्नाशीच्या बाईंना सांधेरोपण कोणी सुचवणार नाही. रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंड आणि जठर धोक्यात येतात. मग उरतं स्टिरॉइडचं इंजेक्शन, आणि त्याची २०१७ ची अमेरिकन चाचणी वाचा: १४० जणांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ट्रायम्सिनोलोन हे स्टिरॉइड किंवा सलाइन. दुखण्यात फरक नाही, उलट स्टिरॉइड गटात कूर्चा जास्त पातळ झाली, ०.१० ऐवजी ०.२१ मिलिमीटर. पीआरपीने निदान तेवढं नुकसान होताना दिसलेलं नाही. अमेरिकन अस्थिशल्यतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये त्याला मर्यादित का होईना, जागा दिली आहे.

फिजिओ_सहकारनगर:
कुठे जाईल? व्यायामाला. मांडीचा पुढचा स्नायू आणि नितंबाचे स्नायू, आठवड्याला दोन-तीन वेळा, किमान १२ आठवडे. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणं, पायरीवर चढ-उतार, मग वजन बांधून तेच. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर भार कमी करायचा. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात, कारण त्यांना कागदावर चित्रं मिळतात, भार वाढवत नेणारं कोणी मिळत नाही.

दुसरं, वर आलेल्या चाचण्यांपैकी काहींत दुखणं आणि हालचाल मोजायला वापरलेली वोमॅक प्रश्नावली कॅनडात तयार झाली. २४ प्रश्न: ५ दुखण्याचे, २ आखडण्याचे, १७ हालचालींचे. जिना आहे, गाडीत चढणं आहे, कमोडवर बसणं आहे. मांडी घालणं नाही, भारतीय शौचालयात उकिडवं बसणं नाही. पुण्यातल्या पेशंटची पहिली तक्रार नेमकी हीच असते. उपचाराने त्यात फरक पडला की नाही, हे वोमॅकमधून कळणारच नाही.

अस्थिशल्य_डेक्कन:
सांधेविचार, 'नुकसान नाही' हे पैसे घेण्याचं कारण होत नाही. आणि रक्तघटक, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. १० अब्जांचा पुरावा दाखवून २ अब्ज विकले जात असतील तर ते थांबायलाच हवं.

पुण्यात चाचणी करायची तर अशी करा. तीन गट: १० अब्ज पीआरपी, सलाइन, आणि भार वाढवत नेणारा व्यायाम. पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. इंजेक्शन मोफत, कारण आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च सहभागी माणसावर टाकता येत नाही. प्रत्येक सिरिंजचा काउंट नोंदवायचा. मोजमापात मांडी आणि उकिडवं बसणं घालायचं.

आकडेमोड:
दहाच्या पट्टीवर १ अंकाचा फरक पकडायचा असेल आणि प्रमाण विचलन (माणसामाणसांतल्या गुणांचा पसारा) २.५ धरलं, तर दर गटात १०० माणसं लागतील, गळती धरून ११५. व्यायाम करणाऱ्यांपासून त्यांचा गट लपवता येत नाही, त्यामुळे खरी तुलना पहिल्या दोन गटांचीच.

रक्तघटक_पुणे:
मग सलाइन गटाचंही ७० मिलि रक्त काढावं लागेल, नाहीतर गुपित फुटेल. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायका आधीच वगळाव्या लागतील. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्लेटलेटचं काम मंदावतात, त्या आठवडाभर आधी बंद, पॅरासिटामोल चालेल. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्यांना चाचणीत घेऊच नका, त्यांची गोळी यासाठी थांबवणं मला मान्य नाही.

सांधेविचार:
चाचणीला हरकत नाही. पण निकाल यायला तीन वर्षं लागतील. तोवर काउंट लिहून, 'कूर्चा वाढणार नाही' हे सांगून आणि तशी सही घेऊन दिलेल्या पीआरपीला माझा विरोध नाही.

अस्थिशल्य_डेक्कन:
माझा आहे.