मदत हवी आहे: टेक्सासमध्ये मंडळाच्या कार्यक्रमाला परवानाधारक पिस्तूल घेऊन आला तर?

नमस्कार मंडळी,

डॅलसच्या आसपासच्या एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत मी यंदा आहे. विषय नाजूक आहे म्हणून मंडळाचं नाव लिहीत नाही. ओळखलंत तरी कृपया इथे फोडू नका.

आमच्या एका जुन्या सभासदाकडे हँडगन बाळगायचा टेक्सासचा परवाना आहे, इथे सगळे त्याला एलटीसी म्हणतात. काकांचं गॅस स्टेशन आहे, रात्री उशिरा गल्ला घेऊन घरी जातात, त्यामुळे पिस्तूल का बाळगतात हे समजू शकतं. यंदा देवळाच्या हॉलमधल्या गणपतीत पाट उचलायला ते वाकले, कुर्ता वर सरकला आणि कमरेचं होल्स्टर मागे उभ्या असलेल्या दोन-तीन जणांना दिसलं. आरती, प्रसाद सगळं शांतपणे पार पडलं. पण रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर जो काही धुरळा उडाला तो अजून खाली बसलेला नाही. निम्मे म्हणतात, काकांना सभासदत्वावरून काढा. बाकीचे म्हणतात, असा एक तरी माणूस हॉलमध्ये हवाच.

मला ते भांडण इथे आणायचं नाही. मला कायदा समजून घ्यायचा आहे. आमचे कार्यक्रम तीन प्रकारच्या जागांत होतात: गणपती देवळाच्या हॉलमध्ये, दिवाळीचं नाटक स्कूल डिस्ट्रिक्टचं ऑडिटोरियम भाड्याने घेऊन आणि संक्रांत सिटीच्या रेक सेंटरमध्ये (शहराच्या मालकीचं खेळ-करमणुकीचं केंद्र). या तिन्ही ठिकाणी परवानाधारकाला पिस्तूल आणता येतं का? मंडळाने "शस्त्र आणू नये" अशी पाटी लावली तर तिला काही अर्थ आहे का? दारावरच्या स्वयंसेवकाने एखाद्याला परत पाठवलं तर उद्या आमच्यावरच केस व्हायची नाही ना? २०२१ पासून परवान्याचीही गरज उरली नाही म्हणतात, मग हे सगळं निरर्थक आहे का?

– शमी

---

टेक्सन_तात्या:

शमीताई, मी वकील नाही. पण आमच्या देवळाच्या ट्रस्टवर असताना हे सगळं वकिलासोबत बसून करून घेतलं आहे, म्हणून लिहितो.

आधी शाळा, कारण तिथे चूक सगळ्यात महाग पडते. टेक्सासच्या पीनल कोडच्या कलम ४६.०३ मध्ये मनाई असलेल्या जागांची यादी आहे: शाळेची इमारत, मतदान केंद्र, कोर्ट, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग, व्यावसायिक खेळांचे सामने वगैरे. शाळेच्या इमारतीत एलटीसी असली तरी पिस्तूल चालत नाही. शनिवारी संध्याकाळी तिथे एकही विद्यार्थी नसेल, तुमचं नाटक चालू असेल, तरी इमारत शाळेचीच. गुन्हा थर्ड डिग्री फेलनी, म्हणजे २ ते १० वर्षं कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. इथे पाटी असण्या-नसण्याचा प्रश्नच नाही. मात्र या व्याख्येत पार्किंग लॉट येत नाही, त्यामुळे परवानाधारकाने पिस्तूल गाडीत कुलूपबंद ठेवून आत येणं बसतं. दिवाळीच्या तिकिटाच्या मेलमध्ये ही एक ओळ ठळक टाका. काकांचं त्यात भलंच आहे.

आता देऊळ. पूर्वी अशाच दुसऱ्या एका यादीत (कलम ४६.०३५) प्रार्थनास्थळांचाही उल्लेख होता आणि चर्चवाले कायम गोंधळात असत. नोव्हेंबर २०१७ मध्ये सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ जण मारले गेले. त्यानंतर २०१९ च्या अधिवेशनात सिनेट बिल ५३५ आलं आणि प्रार्थनास्थळांचा तो उल्लेखच वगळला गेला. १ सप्टेंबर २०१९ पासून देऊळ म्हणजे इतर कुठल्याही खासगी जागेसारखी जागा: मालकाने मनाई केली नसेल तर परवानाधारक येऊ शकतो. देवळावर पाटी नव्हती ना? मग काकांनी कायदा मोडलेला नाही. कुर्ता सरकल्याने होल्स्टर दिसलं यातही गुन्हा नाही; होल्स्टरमधलं पिस्तूल उघडपणे बाळगायची मुभा परवानाधारकांना जानेवारी २०१६ पासून आहे.

---

सीमा_केटी:

पाटीबद्दल मी लिहिते, कारण आमच्या डे-केअरच्या शेजारच्या दुकानाने ती चुकीची लावली होती आणि त्यावर बरंच रामायण झालं.

बंदुकीच्या चित्रावर लाल रेघ मारलेली पाटी परवानाधारकाला कायद्याने बांधत नाही. त्याच्यासाठी त्याच पीनल कोडच्या कलम ३०.०६ची पाटी लागते (लपवून बाळगणाऱ्यांसाठी) आणि ३०.०७ची (उघड बाळगणाऱ्यांसाठी). मजकूर कायद्यात दिला आहे तोच, शब्दशः, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. अक्षरं किमान एक इंच उंच, ठळक, पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या रंगात आणि लोकांना सहज दिसतील अशी. ३०.०७ची पाटी प्रत्येक प्रवेशद्वारावर हवी, नुसती मुख्य दारावर नाही. देवळाच्या हॉलला स्वयंपाकघराकडून दार असेल तर तिथेही. तुमच्या कुणी हौशी कलाकाराने सुंदर मराठीत फलक रंगवला तर सजावट छान होईल, कायद्याच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य.

विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी वेगळं कलम आहे, ३०.०५. त्याचीही पाटी असते. त्यामुळे ज्यांना कुणीच नको आहे ते तिन्ही पाट्या लावतात. दार अगदी निवडणुकीतल्या भिंतीसारखं दिसतं, पण इलाज नाही.

पाटी लावायची नसेल तर दुसरी सोय आहे: तोच ३०.०६चा मजकूर कार्डावर किंवा कागदावर छापून हातात दिला तरी ती लेखी सूचना धरतात. तोंडी सूचनाही चालते, पण देणारा जागेचा मालक किंवा मालकाच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेला माणूस हवा. म्हणजे देवळाच्या ट्रस्टकडून आधी दोन ओळींचं पत्र घ्या की हॉलपुरता हा अधिकार मंडळाच्या अमुक पदाधिकाऱ्याला दिला आहे. नुसती पाटी डावलून आत येणं हा क्लास सी गुन्हा, दंड २०० डॉलरपर्यंत. पण तोंडी सांगूनही जो जात नाही त्याचा क्लास ए होतो, त्यात एक वर्षापर्यंत जेल आहे. सांगितल्यावर लगेच निघून गेला तर त्याला कायद्यात बचाव आहे. म्हणून स्वयंसेवकाला शिकवा: हुज्जत नाही, अंगाला हात नाही, एकदा स्पष्ट सांगायचं आणि ऐकलं नाही तर पोलिसांना फोन.

---

वऱ्हाडी_माणूस:

आमच्या इकडे निवडणूक लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा म्हणून नोटीस येते बाप्पा. आणि तुमच्याकडे नको म्हणायला तीन-तीन पाट्या! चालू द्या, वाचतो आहे.

---

शमी:

तात्या, सीमाताई, मनापासून आभार. शाळेचं इतकं कडक असेल असं वाटलं नव्हतं. काकांना मी स्वतः फोन करून सांगते, ग्रुपवर नाही. रेक सेंटरचं कुणी सांगू शकेल का? आणि २०२१चं?

---

टेक्सन_तात्या:

रेक सेंटर हे या तिघांतलं सगळ्यात किचकट. सरकारी मालकीच्या जागेत ३०.०६ लागूच होत नाही, जोवर ती जागा ४६.०३च्या यादीत नाही. २०१५ साली आणखी एक कायदा झाला: शहराने किंवा काउंटीने जिथे अधिकार नाही तिथे अशी पाटी लावली तर दंड शहरालाच, पहिल्या वेळी दिवसाला १,००० ते १,५०० डॉलर आणि पुढे १०,००० च्या वर. त्यामुळे सिटीचे लोक तुम्हाला पाटी लावू देणार नाहीत.

पण जागा शहराची आणि कार्यक्रम खासगी संस्थेचा असेल तर? यावर २०२४ मध्ये आपल्याच डॅलसमध्ये जुंपली होती. स्टेट फेअर ऑफ टेक्सास भरतो ती फेअर पार्कची जागा शहराची, भरवणारी संस्था खासगी. २०२३च्या जत्रेत गोळीबार होऊन तीन जण जखमी झाले, म्हणून संस्थेने पुढच्या वर्षी परवानाधारकांनाही बंदी केली. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल (मुख्य सरकारी वकील) केन पॅक्स्टन बंदीविरुद्ध कोर्टात गेले. गंमत म्हणजे त्यांच्याच कार्यालयाचं २०१६ चं मत अशा संस्थांच्या बाजूने होतं, ते या वादात मागे घेतलं गेलं. जत्रेच्या तोंडावर बंदी उठवायला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि ती जत्रा बंदीसकटच भरली. पण त्यांच्याकडे मेटल डिटेक्टर होते, वकिलांची फौज होती. तुमच्या तिळगुळाच्या कार्यक्रमाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. निमंत्रणात विनंती करा, पोलिसांची धमकी देऊ नका.

२०२१: हाउस बिल १९२७, १ सप्टेंबरपासून लागू. २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. तरी लोक ४० डॉलर भरून एलटीसी काढतात, आणि त्याला कारण आहे. शाळेपासून १,००० फुटांच्या आतल्या रस्त्यावर भरलेलं पिस्तूल बाळगायला केंद्राचा कायदा मनाई करतो. त्यातून सूट आहे ती त्या राज्याचा परवाना असलेल्याला. फ्रिस्को-प्लेनोत शाळा टाळून गाडी चालवून दाखवा! तेव्हा तुमच्या सभासदांत खरी चिंता काकांची नाही, परवान्याशिवाय बाळगणाऱ्याची करा.

---

जर्सीकर:

फक्त एक टीप: हे सगळं टेक्सासपुरतं. आमच्या न्यू जर्सीत उलटी गंगा आहे. जून २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या ब्रुएन निकालानंतर (घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा हक्क आहे असं त्यात म्हटलं) परवाने देणं भाग पडलं, तेव्हा डिसेंबरमध्ये राज्याने बागा, वाचनालयं, संग्रहालयं, दारू मिळणारी रेस्टॉरंट्स अशी मनाईच्या जागांची लांबलचक यादी केली. खासगी जागेत मालकाने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय न्यायचं नाही, अशीही तरतूद होती, ती कोर्टात अडकली. आणि टेक्सासचा परवाना इथे चालतच नाही. कुणी लग्नाला-अधिवेशनाला गाडीने येणार असेल तर घरी ठेवून या.

---

सीमा_केटी:

शमीताई, दोन गोष्टी राहिल्या, आणि पहिली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तुमचे निम्मे स्वयंसेवक एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर असतील. केंद्राच्या कायद्याने अशा नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. त्यामुळे "काका, शाळेत नेता येत नाही ना, द्या इकडे, मी धरतो" असं कुणी चांगुलपणाने म्हणालं तर त्याचा व्हिसाच नाही, सगळं आयुष्य पणाला लागू शकतं. स्वयंसेवकांच्या मीटिंगमध्ये हे बजावून सांगा: पिस्तूल कुणाचंही असो, कुणीही ताब्यात घ्यायचं नाही, पर्समध्ये नाही, ग्रीनरूमच्या कपाटात नाही.

दुसरं, "एक तरी माणूस हवा" म्हणणाऱ्यांसाठी. २०१७ पासून प्रार्थनास्थळात बिनपगारी स्वयंसेवकांना सिक्युरिटीच्या लायसन्सशिवाय राखण करता येते, पण अंगावर "सिक्युरिटी" लिहिलेला टीशर्ट घालता येत नाही. ही सूट प्रार्थनास्थळाची आहे. नाटकाच्या ऑडिटोरियमला ती लावता येणार नाही, त्यामुळे काकांना अनधिकृत रखवालदार नेमू नका. दिवाळीसाठी ऑफ-ड्युटी पोलीस ऑफिसर घ्या. शाळेच्या इमारतीतही त्याला शस्त्राची अडचण नाही. स्कूल डिस्ट्रिक्टच्या भाडेकराराबरोबर बऱ्याचदा त्याचा फॉर्म येतो, किमान तासांची अट असते, तेवढे पैसे तिकिटात आत्ताच धरा.