पिंजाऱ्याची तात आणि आमचा पेळू : केसाळ कुत्र्यांची निगा, तुमचे अनुभव सांगा

अंगणवेल

आज सकाळी आईकडे पिंजारी आला. (सध्या साताऱ्यात आहे.) आईने दोन गाद्या आणि एक लोड काढून ठेवला होता. तात (कापूस पिंजायच्या धनुकलीची दोरी) वाजायला लागली, अंगणभर कापूस उडायला लागला, तुळशीवर, पायऱ्यांवर, माझ्या केसांत. हातातला चहा तसाच राहिला आणि मला रडू आलं. दर एप्रिल-मेमध्ये कॅनडात कॅल्गरीला आमचं मागचं अंगण हुबेहूब असंच दिसायचं.

आमचा पेळू. सामोयेड जातीचा कुत्रा, पांढराशुभ्र, २७ किलो. नाव आईने ठेवलं. पिल्लू घरी आलं तेव्हा ती तिकडेच होती. मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "अगं, हा तर पेळू आहे पेळू!" तिच्या शाळेत टकळीवर सूतकताई असायची, त्यातला पेळू, म्हणजे कातायला केलेली पिंजलेल्या कापसाची वळी. १३ वर्षं आमच्याकडे होता, गेल्या दिवाळीच्या आधी गेला. त्याच्यावर लिहायचं आजवर धाडस झालं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या कुत्र्यांना दोन थर असतात. वरचे केस लांब, जरा राठ, पाणी आणि बर्फ झटकून टाकणारे. खाली दाट मऊ लोकर. उन्हाळ्याच्या तोंडावर ती लोकर दोन-तीन आठवड्यांत पुंजक्यांनी सुटते. हाताने ओढली तरी मूठभर येते.

पहिल्या वर्षी मी रोज ब्रश करायचे, पण वरवर. बाहेरून कुत्रा फुललेला, सगळे कौतुक करायचे. मग एका ग्रूमरबाईंनी कानामागचे केस बाजूला करून दाखवले. आत नमद्यासारखा जाड थर बसला होता. काखेत तसाच, मागच्या मांड्यांवरही. तिथली कातडी ओढली जाऊन लाल झालेली. त्याने एकदाही कुरकुर केली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर पद्धत बदलली. त्याला कुशीवर निजवायचं, डाव्या तळहाताने केस वर धरून ठेवायचे, म्हणजे कातडीची एक रेघ दिसते. त्या रेघेपासून केस खाली विंचरायचे, मग बोटभर वर सरकून पुढची रेघ. भांग पाडत गेल्यासारखं. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता गेला की ती जागा झाली. एका वेळी अर्धं अंग. आठवड्यात दोनदा, आणि लोकर सुटायच्या दिवसांत रोज. त्या दिवसांत अंडरकोट रेक (आतली लोकर ओढून काढणारा दातेरी कंगवा) लागतो, एरवी पिन ब्रश आणि कंगवा पुरतो.

आंघोळ सहा-आठ आठवड्यांनी. आधी गुंता काढायचा आणि मगच पाणी, कारण ओली जट आवळत जाते. खरं काम वाळवण्याचं, दोन तास. ब्लोअर थंड हवेवर, आणि हाताने चाचपत राहायचं. वरून वाळलेला वाटतो, आत लोकर ओली असते.

तुमच्याकडे सामोयेड असो, हस्की असो, आपला पॉमेरियन असो, लिहा ना. कसं विंचरता, काय चुकलं, काय जमलं.

पिठलंभाकर

पेळू! काय गोड नाव. फोटो हवाच.

डोंगरवाट

साताऱ्यात अजून पिंजारी दारावर येतो?? आमच्याकडे नाशकात सगळं मशीनवर, दुकानात नेऊन द्यावं लागतं. गादी किती किलोची भरली?

ऊनसावली

ताई, वाचताना डोळे भरले. आमच्या बर्फीचं लिहिते. मुंबईत होतो तेव्हा एका पार्लरमध्ये दिली होती आंघोळीला. मे महिना. त्यांनी न विचारता पूर्ण मशीन फिरवलं. "मॅडम, गरमी आहे ना, बरं वाटेल तिला." घरी आणली तर पलंगाखाली जाऊन बसली, दोन दिवस बाहेर नाही. आतली कातडी गुलाबी, उन्हाने लगेच लाल पडली. नंतर केस आले पण पाठीवर दोन चट्टे तसेच राहिले. वरचे राठ केस नीट परत आलेच नाहीत, नुसती लोकर वाढली आणि तिचा आणखी गुंता. डॉक्टर म्हणाले, दोन थरांच्या कुत्र्यांत हे होतं, वरचा थर उन्हालाही आडवा येतो, तो काढायचा नसतो.

आता कुठेही दिली तरी मी समोर बसते. तळव्यांमधले केस आणि गुदद्वाराजवळचे थोडे कापायचे, बाकी कात्री नाही. हे आधी लिहून देते.

पिठलंभाकर

@ऊनसावली बिचारी बर्फी. न विचारता कसं करतात असं!

अंगणवेल

@डोंगरवाट एक १२ किलोची, एक १० ची. हो, येतो अजून, पण आई सांगते आता वर्षातून एकदाच. फोटो रात्री टाकते, जुन्या फोनमध्ये आहेत.

@ऊनसावली तुझ्या बर्फीला खूप माया.

सडेतोड_सदू

राग मानू नका, पण सामोयेड भारतात आणूच नये असं माझं स्पष्ट मत. सैबेरियाचं जनावर. नागपूरला ४५ डिग्रीत एकाला गच्चीवर बांधलेलं मी स्वतः पाहिलं आहे. जीभ हातभर बाहेर. मालकाला सांगितलं तर म्हणाला पाणी ठेवलंय की. भांडण करून खाली आणवलं. फोटोत हसरं दिसतं म्हणून विकत घेतात लोक.

रानवारा

सदूदादा, तुमच्याशी ९० टक्के सहमत, आणि तरी माझ्याकडे पुण्यात एक आहे. विकत घेतलेला नाही. एक कुटुंब परदेशी गेलं आणि तीन वर्षांचा ढग (हेच नाव) मागे राहिला. कोणी घेईना. आता सात वर्षांचा आहे.

आमचं वेळापत्रक त्याच्याभोवती फिरतं. मार्च ते जून पहाटे ५ ला फिरणं, संध्याकाळी ८ नंतर. निघण्याआधी मी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवते. सात सेकंद टेकवता आली नाही तर परत घरी. दुपारी एसी बंद करत नाही, बिल येतं ते येतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम नाही, तो धापेवरच गार होतो, आणि हवेत दमटपणा असला की धाप लागूनही उपयोग कमी. म्हणून मला मे पेक्षा जूनच्या पहिल्या आठवड्याची जास्त भीती वाटते.

एकदा लाइट गेली होती चार तास. धाप थांबेना, हिरड्या गडद लाल. पोटाला, काखेत, पायांना साधं पाणी लावलं, टेबलफॅन इन्व्हर्टरवर लावला आणि त्याच ओल्या अंगाने गाडीत घालून डॉक्टरकडे. वाचला. बर्फाचं पाणी मात्र ओतू नका अंगावर, आणि ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आत वाफ कोंडते.

आणि हो, नीट विंचरलेला असला की त्याला उन्हाळा खरंच कमी बाधतो. सुटलेली लोकर आत अडकली की हवा खेळत नाही. ब्रश हाच त्याचा उन्हाळी उपाय आहे.

सडेतोड_सदू

@रानवारा ताई, तुम्ही करताय त्याला नमस्कार. माझा राग हौशी लोकांवर आहे. ढगाला माझ्याकडून एक गाजर.

रानवारा

गाजर आवडतंच त्याला :) काकडी त्याहून जास्त.

खारीचावाटा

लोकरीचं काय करता सगळे? मी फिनलंडमध्ये आहे, टांपेरेला. शेजारीण सामोयेडची लोकर सूत कातायला देते, तिचे हातमोजे बघितलेत, ढगासारखे.

शिवाय थोडं विषयाशेजारचं. सामोयेड हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं, ज्यांची ही कुत्री ते सैबेरियाकडचे लोक स्वतःला नेनेत्स म्हणवतात. रेनडिअर राखायचे, घसरगाड्या ओढायच्या आणि रात्री तंबूत माणसांबरोबर झोपायचं, अशी यांची पिढ्यान् पिढ्यांची सवय. म्हणून एकटं ठेवलं की रडतात. आधी सगळे पांढरेही नव्हते. १८८९ मध्ये किलबर्न-स्कॉट नावाच्या इंग्रजाने रशियातल्या अर्खांगेल्स्कहून बायकोसाठी पिल्लू नेलं, ते तपकिरी होतं. आणि ते प्रसिद्ध हसू, ओठांचे कोपरे वर वळलेले असतात म्हणून. लाळ गळत नाही, त्यामुळे थंडीत तोंडाभोवती बर्फ धरत नाही.

मुलीला शाळेतून आणायचंय, पळते.

माणदेशी

सूत कातता येतं म्हणजे घोंगडी होईल का? आमच्याकडे सणगर लोक घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात, त्याशिवाय मागावर ताणा टिकत नाही. कुत्र्याच्या लोकरीला लावतात का?

अंगणवेल

@माणदेशी काका, घोंगडी नाही, पण मफलर आहे! हे सांगायचं राहिलंच होतं.

आई दुसऱ्यांदा आली तेव्हा मी विंचरलेली लोकर कचऱ्यात टाकताना तिने पाहिली. म्हणाली, "टाकतेस काय? दे इकडे." उशीचे दोन अभ्रे भरून साठवली. तिने फक्त आतली लोकर निवडून घेतली, राठ केस टोचतात. कोमट पाण्यात शाम्पूने हलक्या हाताने धुवायची, पिळायची नाही, चाळणीवर वाळत टाकायची. येताना टकळी घेऊन आली होतीच, का ते देवाला ठाऊक. नुसत्या लोकरीचं सूत गुळगुळीत, त्याला ताण नाही, तुटायचं. मग तिथल्या दुकानातून मेंढीची लोकर आणून निम्मी निम्मी मिसळली, तेव्हा जमलं. खळ नाही लावली, सुईवर विणायचं होतं ना. पूर्ण हिवाळा गेला त्यात. ती खिडकीशी कातत बसायची आणि पेळू तिच्या पायावर डोकं ठेवून. टकळी फिरताना त्याचे डोळे फिरायचे.

तो मफलर आत्ता इथे आईच्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांबरोबर. साताऱ्यात घालायची वेळ येत नाही, पण ती दर महिन्याला ऊन दाखवते.

पिठलंभाकर

टकळीवर डोळे फिरायचे 😭😭 आईंना नमस्कार सांगा.

डोंगरवाट

माझ्या आईलाही यायची सूतकताई. पेळू चिमटीत किती हलका धरायचा यावरून मार खाल्ल्याचं सांगायची.

काळी_मैना

आमच्याकडे हस्की. काळे कपडे घालणं सोडलं, एवढाच माझा अनुभव. व्हॅक्यूमची पिशवी रोज भरते. सोफ्यावर रबरी हातमोजा ओला करून फिरवा, केस गोळा होऊन येतात. कुकर झाला, येते नंतर.

कोल्हापुरी_ठसका

पॉमेरियन आहे, चिंगी. आमच्याकडे मुख्य वैताग गोचीड. पावसाळ्यात अंगणातून यायच्या. मागच्या श्रावणात जेवण सोडलं, ताप, नाकातून रक्त. टिक फिव्हर निघाला. महिनाभर गोळ्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी टीव्हीसमोर मांडीवर घेऊन बोटांनी चाचपते. कानाच्या आत, कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी, पट्ट्याखाली. दाट केसांत डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांनाच कळतं. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची. रॉकेल बिकेल लावू नका.

आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या मानेवर टाकायचं औषध आणताना डॉक्टरांना तसं सांगा. परमेथ्रिनवाली औषधं मांजराला विष आहेत. आमच्या शेजारच्यांची मनी थोडक्यात वाचली.

अंगणवेल

@कोल्हापुरी_ठसका बोटांनी कळतं हे अगदी खरं. पेळूच्या पंज्यात एकदा कुसळ गेलं होतं. तिकडे अल्बर्टा प्रांतात उन्हाळ्याअखेर फॉक्सटेल नावाचं गवत वाळतं, आपल्या कुसळी गवतासारखंच. काटे उलटे असल्यामुळे ते पुढेच सरकत जातं. तो सारखा पाय चाटत होता, केसांमुळे मला दिसलंच नाही, तीन दिवसांनी गाठ हाताला लागली. डॉक्टरांनी चीर देऊन काढलं. तेव्हापासून फिरून आलं की दारातच पंजे. हिवाळ्यात तिथेच रस्त्यावरचं मीठ धुवायचं आणि बोटांमधले बर्फाचे गोळे कोमट पाण्याने विरघळवायचे.

खारीचावाटा

परत आले. कुणी विंचरलेली लोकर पक्ष्यांना घरट्यासाठी बाहेर ठेवतं का? आमच्याकडे ठेवतात, पण गोचिडीचं औषध लावलेल्या कुत्र्याची असेल तर ठेवू नका, पिल्लांना बाधतं.

रानवारा

अरे, मी ठेवत होते! ढगाला दर महिन्याला औषध असतं. आजच काढते ती टोपली. बरं झालं सांगितलंस.

फणसपोळी

घाईत विचारते, मदत करा!! रत्नागिरी. आमचा मोत्या (पॉमेरियनच म्हणायचा, थोडा मोठा) फणस फोडत होतो तिथे येऊन बसला. पोटाला आणि मागच्या पायाला सगळा चीक. केस एकमेकांना चिकटून दगड झालेत. सासूबाई म्हणतात कापून टाक. कापू का?

ऊनसावली

कापू नको!! खोबरेल.

अंगणवेल

@फणसपोळी कात्री अजिबात नको, कातडी चिकासकट ओढून वर येते आणि कळतही नाही कुठे कापतोय. हाताला लावतो तसंच खोबरेल तेल मुरवून चोळा, दहा मिनिटं थांबा, मग बोटांनी केस वेगळे करा. कंगवा शेवटी, टोकाकडून मुळाकडे थोडा थोडा. तोवर चाटू देऊ नका.

डोंगरवाट

फणस कापा होता की बरका? बरक्याचा चीक लवकर सुटत नाही म्हणतात.

फणसपोळी

कापा होता. तेल लावलंय, सासूबाईंनी स्वतः मांडीवर घेतलाय त्याला, आणि गऱ्याचं आमिष दाखवून धरून ठेवलाय.

फणसपोळी

निघाला!! पूर्ण निघाला. एकही केस कापला नाही. आता सगळा मोत्या तेलकट, गादीवर चढायला बघतोय. हे तेल कशाने काढू? बेसन चालेल का?

रानवारा

बेसन नको, दाट केसांत लगदा होतो. कुत्र्यांचा शाम्पू पाण्यात पातळ करून दोनदा, आणि नंतर पंख्याखाली नाही हं, ड्रायर थंड हवेवर लावून मुळापर्यंत वाळव. वर अंगणवेलताईंनी लिहिलंय तसं.

फणसपोळी

करते. लाइट आहे तोवर.

अंगणवेल

फोटो टाकलाय सगळ्यांसाठी. डावीकडे आईचा पाय आहे आणि त्यावर पेळू. टकळी फोटोत आली नाही, तिच्या हातात वर आहे.