ॲझोला लाल पडतोय आणि त्यात दुसरंच काहीतरी वाढतंय – मदत हवी आहे

मंडळी, संगमेश्वरकडे परड्यात सिल्पोलिनचा (जाड प्लास्टिकचा) कागद घालून ॲझोलाचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचा, दोन बाय दोन मीटरचा वाफा केला आहे. दोन गाई आणि गावठी कोंबड्या आहेत, पेंडीचा खर्च थोडा हलका व्हावा एवढाच हेतू. थंडीत हिरवागार होता, आता मार्चच्या उन्हात लाल-तपकिरी होत चाललाय. शिवाय तिळाएवढी गोल हिरवी पानं मधेमधे दिसतात, काढली तरी पुन्हा येतात. शेजारचे काका म्हणतात ही जलपर्णीची पिल्लं, सगळं उपसून टाक. लाल ॲझोला जनावरांना चालेल का? आणि गाय तोंडच लावत नाही, त्याचं काय करू?

परसदार:
उपसू नका. जलपर्णीचा देठ फुगीर असतो, तिळाएवढी ती नसतेच. ही डकवीड, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक झाडं, तिचे प्रकार मुळांवरून ओळखतात. एक पान चिमटीत धरून खाली बघा. एकच मूळ लोंबत असेल तर लेम्ना, मुळांचा झुबका असेल तर स्पायरोडेला, मूळच नसेल तर वुल्फिया. वुल्फिया म्हणजे जगातली सर्वात लहान फुलणारी वनस्पती, थायलंडमध्ये तिची भाजी करतात! ही तिन्ही झाडं कोंबड्यांना चालतात. फक्त गटाराच्या किंवा कारखान्याजवळच्या पाण्यातली कधीच घालू नका, ही झाडं जड धातू शोषून घेतात.

लाल रंग विषारी नाही. कडक ऊन किंवा स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता, या दोहोंपैकी एक. आधी शेडनेट बांधा. तरी लालच राहिला आणि मुळं लांबलचक दिसली तर दर पाच दिवसांनी २० ग्रॅम सुपर फॉस्फेट खत आणि किलोभर शेण पाण्यात कालवून द्या. युरिया नको. ॲझोलाच्या पानातल्या पोकळीत ॲनाबिना नावाचं नील-हरित शेवाळ राहतं, हवेतला नत्र (नायट्रोजन) तेच पुरवतं.

गोठेवाली:
गाईला वास येतो तो शेणाचा. चाळणीत घेऊन दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवा, सुरुवातीला मूठभरच आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) मिसळा. सवय लागली की दिवसाला दीड-दोन किलोपर्यंत न्या. पण ‘पेंड बंद करा’ म्हणणाऱ्या व्हिडिओंवर जाऊ नका. सुक्या ॲझोलात प्रथिनं २० ते ३० टक्के असतात हे खरं, पण ताज्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच! दोन किलो ओल्यातून सुकं जेमतेम शे-सव्वाशे ग्रॅम हाती लागतं. कोंबड्यांना मात्र झकास.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही आभार. एकच मूळ आहे, म्हणजे लेम्ना. ती कोंबड्यांना टाकली, फडशा पाडला. जूनमध्ये उरलेला ॲझोला भातखाचरात सोडला तर?

परसदार:
चालेल, व्हिएतनाम-चीनमध्ये शेकडो वर्षं करत आलेत. पण लावणीनंतर सोडा आणि कोळपणीला चिखलात गाडा, कुजल्याशिवाय नत्र भाताला मिळत नाही. आपल्याकडचा पाऊस बघता खाचराच्या तोंडाशी जाळी लावा, नाहीतर सगळा खालच्या शेतकऱ्याला जाईल.